पाल्याचा काटा

कोइम्बतूरच्या गांधीपुरम भागातून रोज पहाटे कुन्नूर-उटीच्या एकदिवसीय सहलीच्या गाड्या सुटतात. सोळा-सतरा सीटचा टेंपो ट्रॅव्हलर, ड्रायव्हरच्या बाजूला गाइड, मागे चार प्रांतांतली माणसं आणि बहुतेकांच्या मांडीवर नाश्त्याची पुडी. दिवस कसा जायचा ते आधीच ठरलेलं असतं. घाट, चहाचा मळा, चहाचा कारखाना, सिम्स पार्क, एखादा उंच कडा, जेवण, चॉकलेटचं दुकान आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास परत. मळ्यात थांबायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यातच पाठीला टोपली बांधून फोटो काढून घ्यायचा असतो. टोपली भाड्याने मिळते.

एवढ्या वेळात चहाचा मुलूख कळेल का? हातकणंगल्याकडच्या माणसाला कळू शकतो. तिथला निम्मा व्यवहार त्याने आपल्या घरी, आपल्या रानात पाहिलेला असतो. पीक तेवढं निराळं.

या गाड्यांत हातकणंगले तालुक्यातलं कुणी भेटलं तर नवल वाटायचं कारण नाही. इचलकरंजी याच तालुक्यात. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मागांच्या खडखडाटावरच ते गाव वाढत वाढत महापालिकेपर्यंत पोचलं. कोइम्बतूर म्हणजे दक्षिणेतलं गिरण्यांचं शहर. सूत कातायची यंत्रं बनवणारी लक्ष्मी मशिन वर्क्स 1962 साली इथेच सुरू झाली, आणि होजिअरीचं तिरुप्पूर इथून तास-दीड तासावर. सुताचे व्यापारी, यंत्रांचे फिटर, गिरणीतले सुपरवायझर या ना त्या निमित्ताने आपल्याकडची माणसं इकडे येत-जात असतात. दुसरी मराठी वाट गलाईवाल्यांची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कोइम्बतूर दागिने घडवणाऱ्यांचं मोठं गाव, त्यामुळे त्यांची बिऱ्हाडं इथेही आहेत. त्यांची मुलं घरात खानापुरी मराठी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पडली की अस्खलित तमिळ.

अशाच एका गाडीत हातकणंगल्याचं एक साठीतलं जोडपं बसलं होतं. दोन एकर ऊस, दावणीला दोन म्हशी, मुलगा कोइम्बतूरला यंत्रांच्या कंपनीत. मिरजेहून राणी चन्नम्माने बेंगळुरू आणि पुढे दुसऱ्या गाडीने इथवर आलेलं. मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून त्याने आई-वडिलांचं सहलीत नाव घातलं आणि स्वतः पहाटे येऊन गाडीत बसवून दिलं. जाताना गाइडला हिंदीत चार वेळा बजावलं, “इनका खयाल रखना.” योगायोग असा, की मागच्याच सीटवर विट्याकडची एक गलाईवाली बाई आपल्या दोन मुलींना घेऊन बसली होती. मराठी कानावर पडल्याबरोबर ती पुढे वाकली.

“काकी, कुठलं गाव म्हणायचं?”

“हातकणंगलं. आनी तुमचं?”

“विट्याजवळ. पर आता हितलंच झालोय.”

मेट्टुपालयम यायच्या आत काकींच्या डब्यातली भाकरी आणि चटणी मागच्या सीटवर गेली होती आणि मागची इडली पुढे आली होती. काकींचे यजमान, आबा, खिडकीतून सुपारीच्या बागा बघत होते.

मेट्टुपालयमपासून पुढचा कल्लार ते कुन्नूर घाट चौदा मोठ्या वळणांचा. खाली दमट उकाडा, फणस आणि सुपारी. बर्लियारला सरकारी फळबागेत मँगोस्टीनची झाडं. वर जाताना अर्ध्या घाटातच हवेचा पोत बदलतो आणि काकी पदर घट्ट लपेटून घेतात. नीलगिरीत शिरणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना मे 2024 पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास घ्यावा लागतो. 2025 च्या उन्हाळ्यात न्यायालयाने गाड्यांच्या संख्येलाच मर्यादा घातली. एरवी दिवसाला 6000, शनिवार-रविवारी 8000. शिवाय नाक्यावर प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतात. गाडीतल्या काही जणांनी त्यावर कुरकुर केली. आबांनी केली नाही. जोतिबाच्या यात्रेनंतर डोंगर कसा दिसतो ते त्यांनी पाहिलेलं होतं. 2025 च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याच यादीत तमिळनाडूतली जिंजीही आहे. मान मिळाला की गर्दी येते. मोजून माणसं वर सोडण्याचा हा शहाणपणा पन्हाळ्यावरही आणायला हवा, आणि तो वेळ निघून जायच्या आत आणायला हवा.

घाटात रस्त्याच्या वर-खाली कुठेतरी रेल्वेचा रूळ लपंडाव खेळत राहतो. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा मार्ग 1899 साली सुरू झाला, उटीपर्यंत 1908 साली पोचला. सगळी मिळून 46 किलोमीटरची लाइन. कल्लारच्या पुढे चढ इतका उभा, की बारा फूट पुढे गेलं तर जवळपास एक फूट वर. नुसतं चाक रुळावर घसरेल, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी टाकली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात रुतत रुतत वर चढतं. वाफेचं इंजिन गाडीच्या मागे असतं आणि ते डबे ढकलत नेतं. 2005 साली युनेस्कोने या मार्गाला वारशाचा दर्जा दिला. एका दिवसाच्या सहलीत हा सबंध प्रवास बसत नाही, तिकिटंही फार आधी संपतात. वळणावर गाडी क्षणभर थांबली आणि खालून शिटी ऐकू आली, तेवढंच.

कुन्नूर आलं, की मळे सुरू होतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे खरं आहे. साडेपाच-सहा हजार फुटांवरचे उतार, कमरेएवढी छाटलेली झुडपं, मधून पायवाटांच्या रेघा आणि जागोजागी सिल्व्हर ओकची सरळसोट झाडं. गाइडने सांगितलं, की चहा हे मुळात झाड आहे, मोकळं सोडलं तर तीस-चाळीस फूट वाढेल. चार-पाच वर्षांनी एकदा खरड छाटणी, आणि दर आठ-दहा दिवसांनी वरची कोवळी पालवी खुडायची. एकदा लावलेलं झुडूप शंभर वर्षं पाला देतं. गलाईवाल्या बाईच्या थोरल्या मुलीने ते मराठीत सांगितल्यावर आबा काकींना म्हणाले, “अगं, ह्यो खोडवाच की. आपला दोन सालात दमतोय, ह्येंचा शंभर वरीस चालतोय.”

हिरवं दिसतं म्हणून ते जंगल समजू नये. इथे मूळचं होतं ते शोला नावाचं बुटकं, दाट, शेवाळलेलं रान आणि त्याच्या भोवतीची उघडी गवताळ कुरणं. तोडा लोक त्या कुरणांवर म्हशी राखायचे, बडगा लोक शेती करायचे, कोता लोक लोहारकाम आणि कुंभारकाम. कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन 1819 साली इथे चढून आला आणि त्याच्या मागोमाग बंगले, बटाटे, कॉफी आणि चहा आला. चहाची पहिली रोपं 1830 च्या दशकात लागली, व्यापारी मळे उभे राहायला मात्र 1860 च्या आसपासचा काळ उजाडला. कुरणं आणि शोला दोन्ही गेली. त्यातलं जे उरलं आहे ते आता जपलं जातं, पण मळ्यांच्या मधल्या घळीत गवा उभा दिसतो तेव्हा आपण त्याच्या वाटेवर उभे आहोत हे जाणवतं. त्या दिवशी एक दिसला. काळाकभिन्न, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, चहाच्या ओळींत स्वस्थ. गाडीभर आरडाओरडा झाला. दाजीपूरच्या बाजूची रानं माहीत असल्यामुळे आबांनी हातानेच सगळ्यांना गप्प केलं.

खुडणाऱ्या बायका वरच्या उतारावर होत्या. गाइडने लांबूनच दाखवल्या आणि तो फोटोवाल्या टोपल्यांकडे वळला. काकी मात्र गलाईवाल्या बाईला घेऊन पायवाटेने वर गेल्या.

जवळून बघितलं तर ते काम दिसतं तसं नाजूक नाही. कमरेला जाड प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, कारण सकाळी झुडपं दवाने भिजलेली असतात आणि फांद्या पोटाला ओरबाडतात. पाठीवर टोपली नव्हती. जाळीची मोठी पिशवी होती, तिचा पट्टा कपाळावरून. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये कोंब, हलका पीळ, खुट्ट. दोन पानं आणि मधली न उमललेली कळी, एवढंच घ्यायचं. तिसरं पान जून असतं, त्याने माल उतरतो. मूठ भरली की हात न बघता मागे पिशवीत. पलीकडच्या ओळीत दोन पुरुष कातरीने पाला कापत होते. कातरीलाच पेटी जोडलेली, कापलेला पाला आत पडतो. खुडायला माणसं मिळत नाहीत म्हणून कातऱ्या आल्या, आणि कातरीत कोवळं-जून एकदमच येतं. नीलगिरीत अलीकडे झारखंड, ओडिशा, आसामकडचे मजूरही येऊ लागले आहेत.

काकींनी विचारायला सांगितलं, “बाई कुठल्या तुम्ही?” तिने उत्तर दिलं ते गलाईवाल्या बाईने मराठीत सांगितलं. आई-वडील लंकेतून आलेले.

त्यामागे मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी लंकेतल्या मळ्यांसाठी तमिळ मजूर नेले. स्वातंत्र्यानंतर लंकेने त्यातल्या लाखोंना नागरिकत्व दिलं नाही. 1964 साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना भारतात परत आणायचं ठरलं. ज्या देशात त्यांचे आजे-पणजे जन्मले, त्या देशात ही माणसं परकी म्हणूनच उतरली. त्यांना काम मिळावं म्हणून तमिळनाडूच्या वनखात्याने 1968 पासून नीलगिरीत चहा लावायला घेतला. त्याचंच पुढे 1976 साली टॅनटी हे सरकारी महामंडळ झालं. म्हणजे पोस्टकार्डावर दिसणाऱ्या या हिरव्या उतारांपैकी काही उतार परत आलेल्या माणसांच्या पोटासाठी लावले गेले आहेत. कुठल्याही सहलीच्या माहितीपत्रकात हे छापायला हवं. ते छापलेलं नसतं.

काकींना यातलं फार काही सांगावं लागलं नाही. दर दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोड मजूर त्यांच्या गावात येतात, पाचटाच्या खोपी घालतात, पहाटे अंधारात कोयते घेऊन फडात शिरतात. काकींनी त्या टोळ्यांतल्या बाळंतिणींना आपल्या घरातलं दूध दिलेलं आहे. त्यांनी फक्त एवढं विचारलं, “पोरं शाळेला जात्यात न्हवं?” खुडणारी हसली आणि मान डोलावून म्हणाली, थोरला कोइम्बतूरला कॉलेजात आहे.

पुढचा थांबा चहाच्या कारखान्याचा. तिथे तिकीट काढून वीस मिनिटांत सगळं दाखवतात आणि शेवटी विक्रीच्या खोलीत आणून सोडतात. तरी हा थांबा चुकवू नये. आधी लांबलचक जाळीच्या हौदांवर पाला पसरलेला, खालून पंख्याचा वारा. ओल्या पाल्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, रात्रभरात त्यातलं बरंचसं उडतं आणि पान मऊ पडतं. वास ताज्या कापलेल्या गवताचा. मग दात्यांच्या लोखंडी रुळांमधून तो पाला चिरडला जातो, फाडला जातो, गोळी धरतो. या यंत्राची पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली आणि तिने साऱ्या हिंदुस्थानचा चहा बदलला. आपल्या घरातली गोल दाणेदार पत्ती ती हीच. रुळांमधून पडतो तेव्हा लगदा हिरवागार असतो. पट्ट्यावर हवा लागून तासा-दीड तासात तो तांब्याच्या रंगावर येतो. मग भट्टीची गरम हवा, आणि बाहेर काळा दाणा. शेवटी चाळण्या. सगळ्यात खाली उरते ती भुकटी. तिचाच कप सर्वांत कडक होतो आणि महाराष्ट्रात दूध घालून उकळायला तीच लागते. लांब पानाचा, वासाचा, बिनदुधाचा प्यायचा चहा वेगळ्या पद्धतीने वळतात. नीलगिरीच्या त्या चहाला भौगोलिक मानांकन आहे, जसं कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली मिळालं. काकींनी दोन्ही चहा चाखले. पानाचा चहा त्यांना पाण्यासारखा लागला. त्यांचं मत योग्यच म्हणायचं, कारण त्यांच्या चहाला गूळ आणि म्हशीचं दूध पेलावं लागतं.

आबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. “किती पाल्याला किती चहा?” त्यांनी विचारलं. साडेचार किलोच्या आसपास ओला पाला, की एक किलो तयार चहा. आबांनी मनातल्या मनात उतारा काढला असावा, कारण त्यांच्या भागात नऊ किलो उसाची एक किलो साखर होते आणि या आकड्यावरून घरोघरी वाद होतात. “आनी खुडलेला पाला किती वेळ टिकतोय?” खुडला त्याच दिवशी कारखान्यात पोचायला हवा. पिशवीत दाबून राहिला तर गरम होतो, लाल पडतो. “म्हंजे आमच्या उसावानीच. तोडला की चोवीस तासाच्या आत गाळला पायजे, न्हाईतर वजन बी जातंय आनी साखर बी.”

त्या दिवशीचा खरा थांबा कार्यक्रमात नव्हता. जेवणानंतर गाडी कोटगिरीच्या रस्त्याने निघाली आणि एका वळणावर पाल्याची लॉरी भरत होती म्हणून थांबली. रस्ता अरुंद, लॉरी हलेपर्यंत पुढे जाणं शक्य नव्हतं. कडेला पत्र्याची शेड, छपराला टांगलेला काटा, पंधरा-वीस माणसं आपापल्या पिशव्या घेऊन रांगेत. गाइडने हॉर्न वाजवायला सांगितलं. आबा दार उघडून खाली उतरले आणि सरळ काट्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागोमाग गलाईवाली बाई, तिच्या मुली, काकी आणि मग हळूहळू निम्मी गाडी.

पिशवी आकड्याला अडकते, आकडा डोलतो, कारखान्याचा माणूस वजन वाचतो, पावती फाडतो, पिशवी लॉरीत. एका माणसाची अकरा किलो, एकीची तेवीस. बहुतेकांची जमीन एकर-दोन एकर. बडगा समाजातले हे छोटे शेतकरी. पूर्वी बटाटा, कोबी, गाजर घ्यायचे, मग हळूहळू सगळं रान चहाखाली गेलं.

आबांनी विचारायला सुरुवात केली आणि मुलीची दुभाषी म्हणून तारांबळ उडाली. काटा कुणाचा? कारखान्याचा. दुसरीकडे वजन करून आणलं तर चालतं का? इथलंच वजन धरतात. पाऊस असला तर? ओल्या पाल्याचं पाणी म्हणून वजनात कपात. किती कपात ते कोण ठरवतं? रांगेतल्या एका म्हाताऱ्याने यावर कारखान्याच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि सगळी रांग हसली. आबाही हसले. जो प्रश्न त्यांनी कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाची गाडी घेऊन जन्मभर विचारला होता, तोच इथे छपराला टांगलेला होता. काटामारी हा शब्द त्यांनी मुलीला समजावून सांगितला, तिने तमिळमध्ये काहीतरी म्हटलं आणि म्हाताऱ्याने आबांचा हात हातात घेतला.

मग भावाचा विषय निघाला, आणि तो निघणारच होता. उसाला केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर करतं. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये होती. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. तो पाळला जात नाही म्हणून आंदोलनं होतात, जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, आणि या प्रश्नावर लढलेले राजू शेट्टी 2009 आणि 2014 साली याच हातकणंगल्यातून लोकसभेत गेले. चहाच्या पाल्याला असा बांधलेला किमान भाव नाही. लिलावात तयार चहाला काय मिळालं त्यावरून टी बोर्ड दर महिन्याला पाल्याची सरासरी किंमत जाहीर करतं, आणि लिलाव पडला की पाल्याचा भाव पडतो. 2023 साली रास्त भावासाठी नीलगिरीतले छोटे उत्पादक उपोषणाला बसले होते. आबांना हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग तुमचा कारखाना सहकारी हाय का खाजगी?”

प्रश्न नेमका होता. नीलगिरीत खासगी कारखाने आहेत, मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे मळे आहेत, आणि छोट्या शेतकऱ्यांचे सहकारी चहा कारखानेही आहेत. त्या सहकारी कारखान्यांचा संघ म्हणजे इंडकोसर्व्ह, 1965 साली स्थापन झालेला, मुख्यालय कुन्नूरला. सोळा कारखाने, सभासद तीस हजारांच्या घरात. त्यांचा ‘उटी टी’ तमिळनाडूच्या रेशन दुकानांतून विकला जातो. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ 1963 सालचा. म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यात शेतकरी दुधाच्या किटल्या घेऊन संघाच्या दारात उभा राहू लागला, त्याच दोन-तीन वर्षांत इथल्या डोंगरावर दुसरा शेतकरी पाल्याची पिशवी घेऊन संघाच्या दारात उभा राहिला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. कष्टाचं मोल ठरवताना आपण एकटे पडतो, हे दोघांनाही स्वतःच्या अनुभवातून उमगलं होतं.

सहकार सगळं सोडवतो असा दावा कोल्हापूरचा माणूस करणार नाही. थकलेली बिलं, बुडालेले कारखाने, घराण्यांची मक्तेदारी त्याने जवळून पाहिली आहे. नीलगिरीतल्या सहकारी कारखान्यांच्याही अडचणी आहेत. पण ज्या मुलखात सहकार नाही तिथे काट्यापाशी काय होतं, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून तो काट्यापाशी उतरतो.

लॉरी भरेपर्यंत पाऊण तास गेला. त्यामुळे कड्यावर जाणं रद्द झालं आणि गाडीतल्या काहींचा विरस झाला. त्यांचंही चुकलं नाही, त्यांनी पैसे कड्याचे भरले होते.

परतीच्या घाटात आबांनी एक जुनी गोष्ट काढली. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहा लावला होता. ही गोष्ट कोल्हापुरात पुष्कळांना माहीत असते, गाडीत मात्र कुणाला खरी वाटेना. ती खरी आहे. राधानगरीचं धरण, शाहूपुरीची गुळाची पेठ, शाहू मिल उभी करणाऱ्या या राजाने आपल्या संस्थानात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले. आपल्या मातीत नवं काय येईल, रयतेच्या हाताला नवं काम काय मिळेल, याची त्यांना सतत ओढ होती. पन्हाळ्याची जांभ्याची आम्लधर्मी माती चहाला मानवणारी. पाऊसही भरपूर. मग आज पन्हाळ्यावर मळे का नाहीत? मुख्य कारण पावसाच्या वेळापत्रकात आहे. नीलगिरीला दोन पावसाळे मिळतात. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा. कुन्नूरच्या बाजूला तर दुसराच अधिक जोरात पडतो. त्यामुळे झुडूप बाराही महिने थोडी थोडी पालवी फोडत राहतं आणि कारखाना बंद पडत नाही. पन्हाळा, गगनबावडा, आंबोली इथे चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि मग दिवाळीपासून पुढे सात-आठ महिने डोंगर कोरडा. शिवाय पन्हाळा तीन हजार फुटांच्या आसपास, कुन्नूर त्याच्या दुप्पट उंचीवर. सह्याद्रीने चहाला नकार दिला तो या हिशेबाने. तरीही तो प्रयोग वाया गेला असं म्हणू नये. शेतीत करून बघितल्याशिवाय नकारसुद्धा कळत नाही, आणि राजाने स्वतःच्या खर्चाने करून बघितलं म्हणून रयतेचं नुकसान टळलं.

एका गोष्टीत मात्र डोंगर आणि शहर यांचं नातं दोन्हीकडे सारखंच आहे. कोइम्बतूरची पहिली मोठी कापडगिरणी 1888 साली काढणारा रॉबर्ट स्टेन्स हा आधी नीलगिरीतल्या कॉफीच्या धंद्यातला माणूस होता. पुढे 1930 च्या दशकात नीलगिरीतल्या पायकाऱ्याच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली आणि ती मिळाल्यावर कोइम्बतुरात गिरण्या भराभर वाढल्या. डोंगराचं पाणी, डोंगराचा पैसा आणि खाली मैदानात कापड. राधानगरीचं पाणी आणि इचलकरंजीचे माग यांच्याकडे बघताना हेच सूत्र दिसतं.

अशा सहली वाईट नाहीत. हातात पैसा बेताचा, सुट्टी त्याहून कमी, गुडघे दुखणारे आई-वडील, अशा घरांना डोंगर दाखवायची दुसरी सोय नाही. बदलायला हवी ती दिवसाची आखणी. फोटोची टोपली आणि चॉकलेटचं दुकान यांच्यातला अर्धा तास काढून पाल्याच्या शेडला दिला, तर त्यासाठी वेगळं तिकीट लागत नाही. पाला तोलणारी माणसं बोलायला तयार असतात. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

तेव्हा हातकणंगले, शिरोळ, करवीर किंवा कागलमधून नीलगिरीला जाणार असाल, तर गाडीत बसतानाच गाइडला सांगून ठेवा. रस्त्यात पाल्याची शेड दिसली की दहा मिनिटं थांबव. काट्यापाशी उभे राहा, भाव विचारा, आपल्या उसाचा सांगा. घरी न्यायला चहा घ्यायचा असेल तर सहकारी कारखान्याचा मागा. काकींनी दोन किलो घेतला, बारीक दाण्याचा, आणि एक पुडा विट्याच्या बाईला दिला.